ग्रिलवरच्या गांधीलमाश्या दुसऱ्या माशीच्या पोरांसाठी का राबतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर मागच्या बाल्कनीच्या ग्रिलला गांधीलमाशीचं पोळं झालंय, वीस-पंचवीस माश्या आहेत. मुलगा बारावीला आहे, त्याला क्लासमध्ये सांगितलंय की गांधीलमाश्यांत सख्ख्या बहिणींचं नातं पाऊण असतं, म्हणजे पोटच्या मुलीपेक्षा बहीण जास्त जवळची, म्हणून त्या स्वतः अंडी न घालता राणीची पोरं वाढवतात. हे बरोबर आहे का, एकट्या राहणाऱ्या माश्यांपासून हे सगळं सुरू कसं झालं, आणि आमच्या पोळ्यात राणी कुठली, ती मेली तर काय होतं?

पाऊणचं गणित बरोबर आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष अर्धामुर्धा आहे. मी इतकी वर्षं मुंबईत याच माश्यांच्या मागे आहे, आरे, नॅशनल पार्क, कॉलेजचे व्हरांडे, लोकांच्या खिडक्या सगळीकडे, आणि हा पाऊणवाला मुद्दा मला दर बॅचला खोडायला लागतो. खोडायला म्हणजे चूक आहे म्हणून नाही, तर तिथेच थांबतात म्हणून. तर जरा सविस्तरच लिहितो.

आधी गणित उरकू. गांधीलमाश्या, मधमाश्या, मुंग्या या सगळ्यांत नर फलित न झालेल्या अंड्यातून होतो, त्यामुळे त्याच्याकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो आणि त्याचे सगळे शुक्राणू एकसारखे. एका बापाच्या सगळ्या मुलींना बापाकडून अगदी तेच मिळतं, आईकडून निम्मं जुळतं, बेरीज केली की सख्ख्या बहिणी पाऊण, आणि स्वतःची मुलगी मात्र अर्धीच. विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने 1964 मध्ये हे मांडलं तेव्हा लोक वेडे झाले कारण इतकं देखणं उत्तर बायॉलॉजीत क्वचित मिळतं. पण मग भावाचं काय? भावाशी नातं पाव. राणी मुलगे-मुली सारख्याच घालत असेल तर पाऊण आणि पावची सरासरी परत अर्धीच येते, म्हणजे स्वतःची पोरं वाढवा नाहीतर आईची, हिशेब तोच. ट्रिव्हर्स आणि हेअर यांनी 1976 मध्ये हेच दाखवलं, की कामकऱ्यांनी बहिणींचं प्रमाण मुद्दाम वाढवलं तरच पाऊणचा फायदा हातात पडतो. वर राणीचं एकाहून जास्त नरांशी मीलन झालं की पाऊणसुद्धा राहत नाही. आणि वाळवी बघा, तिच्यात नर-मादी दोघांकडे दोन-दोन संच, पाऊणबिऊण काही नाही, तरी राजा-राणी-कामकरी सगळा थाट आहे. उलट बाजूने, पाऊणवाली जनुकव्यवस्था असलेल्या गांधीलमाश्यांच्या हजारो जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या आयुष्यभर एकट्या राहतात, पोळं करून एकत्र राहणाऱ्या जाती हजाराच्या आसपास असतील. नुसत्या पाऊणमुळे समाज होत असता तर हे आकडे असे नसते.

हॅमिल्टनच्या सूत्रात तीन गोष्टी आहेत, नातं किती, मदतीने समोरच्याचा फायदा किती, आणि त्यापायी आपलं नुकसान किती. नातं गुणिले फायदा हे नुकसानापेक्षा जास्त भरलं तर मदत करणारी वागणूक टिकते. क्लासमध्ये फक्त पहिली गोष्ट शिकवतात कारण ती फळ्यावर काढता येते. खरी मजा उरलेल्या दोन गोष्टींत आहे आणि त्या तुमच्या ग्रिलवर दिसतात.

आता सुरुवात कशी झाली ते. त्यासाठी जंगलात जायची गरज नाही, घरातच बघा. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पडद्याच्या मागे, कधी देवघराच्या कोपऱ्यात मातीचं छोटं मडकं करणारी कुंभारीण माशी असते ना, ती गांधीलमाश्यांच्याच कुळातली, फक्त एकटी. ती मडकं करते, आत छताला बारीक धाग्याने एक अंडं टांगते, मग अळ्यांना डंख मारून लुळ्या करून आणून आत भरते, तोंड बंद करते आणि निघून जाते, पोराचं तोंड तिला कधी दिसत नाही. (काळी-पिवळी, लांब काडीसारख्या कमरेची, कोळी भरून ठेवणारी असते ती दुसऱ्या कुळातली, लोक दोघींना कुंभारीणच म्हणतात.)

हॉवर्ड इव्हान्स नावाच्या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने 1958 मध्ये एकटीपासून समाजापर्यंतच्या पायऱ्या मांडल्या आणि थोड्याफार फरकाने त्या अजून वापरतात. काही माश्या आधी शिकार पकडतात आणि मग तिच्यासाठी बीळ खणतात. काही आधी घर करतात, मग शिकार आणतात, म्हणजे परत त्याच जागी यायची अक्कल आली, हे ऐकायला साधं वाटतं पण इथून पुढचं सगळं यावरच उभं आहे. मग काही एकदम साठा करून घर बंद करण्याऐवजी अळी वाढेल तसं रोज थोडं थोडं आणून भरवतात. असं भरवायला लागलं की आईला घराजवळ थांबावं लागतं, आणि थांबली की पहिली मुलगी बाहेर येते तेव्हा आई अजून जिवंत असते. या क्षणाला मुलीपुढे दोन रस्ते आहेत, उडून जा आणि स्वतःचं घर कर, किंवा इथेच थांब. याच्या आधीच्या कुठल्याही पायरीवर हा प्रश्नच येत नाही कारण आईची आणि मुलीची भेटच होत नाही. आजच्या जाती म्हणजे एकमेकींच्या आज्या-पणज्या नाहीत हे मात्र लक्षात ठेवायचं, या पायऱ्या म्हणजे शक्यता आहेत, वंशावळ नाही. डीएनएच्या अभ्यासावरून तर असं दिसतं की या कुळात समाज एकदाच नाही, बहुधा दोनदा वेगवेगळा उगवलाय, एकदा आपल्या पोळेवाल्यांत आणि एकदा आग्नेय आशियातल्या हवेत तरंगणाऱ्या नाजूक हॉव्हर वास्पमध्ये.

कागद हा आणखी एक मुद्दा. माती जड, एक मडकं करायलाच भरपूर फेऱ्या. लाकडाचे तंतू खरवडून थुंकीत कालवून कागद करता आला की भिंतीला भिंत लावून खोल्या वाढवता येतात आणि अख्खं पोळं एका बारीक देठावर टांगता येतं. तो देठ नीट बघा, काळपट चकचकीत असतो. या गटातल्या बऱ्याच माश्या पोटाच्या टोकाकडचा स्राव त्याला चोळतात, मुंग्या त्यावरून जात नाहीत. मुंबईत उघड्यावर पोरं वाढवायची तर मुंग्या हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम आहे, पावसाळ्यात ज्यांनी साखरेचा डबा उघडा ठेवलाय त्यांना हे सांगायला नको.

मग राणी आणि कामकरी ही दोन माणसं (माश्या म्हणा) आली कुठून? मेरी जेन वेस्ट-एबरहार्ड या अमेरिकन जीवशास्त्रज्ञ बाईंची कल्पना मला सगळ्यात पटते. एकट्या आईच्या आयुष्यातच दोन फेज असतात, अंडाशय भरलेलं असतं तेव्हा ती घर बांधते आणि अंडं घालते, रिकामं झालं की शिकारीला जाते. समाजात ही दोन कामं दोघींत वाटली गेली एवढंच, जिचं अंडाशय कायम भरलेलं ती राणी, जिचं रिकामं ती कामकरी. नवीन वागणूक शून्यातून तयार करावी लागली नाही, आईपणच बहिणींकडे वळवलं. 2007 मध्ये एमी टोथ, जीन रॉबिन्सन आणि मंडळींनी पॉलिस्टिस या कागदी पोळं करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या मेंदूत कुठले जीन किती चालू आहेत ते तपासलं, तेव्हा कामकरी राणीपेक्षा एकटीने घर सुरू करणाऱ्या मादीच्या जवळ निघाली. म्हणजे जी अजून आपल्या पोरांना भरवतेय तिच्या.

आता मुख्य प्रश्न, मुलगी थांबते का. इथे आपलं नशीब असं की या विषयातलं जगातलं एक उत्तम काम भारतात, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राघवेंद्र गदगकर यांनी केलंय आणि तेही रोपालिडिया मार्जिनाटा या माशीवर, जी तुमच्या वर्णनावरून (सेंटिमीटरभर, तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळी कड, वरून उघडं राखाडी कागदी पोळं) बहुधा तुमच्याच ग्रिलवर बसलीय. दक्षिण भारतात आणि आपल्याकडे ती सगळीकडे आहे. युरोपातल्या माश्यांचं पोळं थंडीत संपतं, वसंतात पुन्हा सुरुवात. आपल्याकडे थंडी कसली, त्यामुळे हिचं पोळं वर्षात कधीही सुरू होतं, राण्या बदलत राहतात आणि पोळं चालू राहतं. आणि महत्त्वाचं म्हणजे इथली मुलगी कधीही सोडून जाऊ शकते, एकटीने किंवा दोघी-चौघी मिळून नवीन पोळं टाकू शकते, काही जणी जातातही. म्हणजे थांबणं ही सक्ती नाही.

गदगकरांच्या गटाने या माश्यांचं नातं मोजलं तर ते पाऊणच्या आसपाससुद्धा नव्हतं, कारण राणी एकाहून जास्त नरांशी जुळते आणि राण्या बदलत जातात, त्यामुळे कामकरी जिला भरवतेय ती बहीण असेलच असं नाही, भाची असेल, मावसबहीण असेल, आणखी लांबची असेल. नात्याच्या हिशेबाने तर हिने निघून जायला हवं. मग बघितलं की एकटी गेली तर काय होतं. अंड्यापासून पंखवाली माशी व्हायला साधारण दोन महिने लागतात. आणि पोळ्यावरच्या मादीचं सरासरी आयुष्य महिन्याच्या आसपास, कुणी आठवड्यात मरते, कुणी तीन महिने काढते. आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. एकटीने घर टाकलं आणि चाळिसाव्या दिवशी पाखराने उचललं तर घरातल्या सगळ्या अळ्या उपाशी मरतात, आजवरची मेहनत शून्य. तीच माशी मोठ्या पोळ्यात राहून वीस दिवस राबली आणि मेली तर त्या अळ्या दुसरी कोणीतरी पुढे वाढवते, वीस दिवसांच्या कामाचं फळ वाया जात नाही. गदगकरांनी 1990 मध्ये हे खात्रीच्या परताव्याचं गणित मांडलं आणि माझ्या मते समाज का होतो याचं सगळ्यात दणकट उत्तर हेच आहे. याला पाऊण लागत नाही, थोडं नातं आणि भरपूर मरणं एवढं पुरतं. 2000 मध्ये जेरेमी फील्ड आणि सहकाऱ्यांनी मलेशियातल्या हॉव्हर वास्पवर असाच विमा प्रत्यक्ष प्रयोगात दाखवला, मदतनीस काढून घेतल्या तर मागे राहिलेल्या माश्यांनी त्यांची अर्धवट वाढवलेली पोरं सांभाळली.

आणि मरणं किती हे मुंबईत बघायचं असेल तर वेस्पा ट्रॉपिका शोधा, काळी मोठी हॉर्नेट, पोटावर एक जाड पिवळा पट्टा. ती गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर येते आणि अळ्या ओढून काढते, पोळ्याच्या मालकिणी बाजूला उडून बसतात, लढत वगैरे फारशी नाहीच. काही वेळात पोळं साफ. एकटीच्या घराला तर एवढ्या मोठ्या शत्रूचीही गरज नाही, आई शिकारीला गेली की दार उघडंच, मुंगी आली, परजीवी माशी आली, हिरव्या-निळ्या चमकणाऱ्या कुकू वास्पने आपलं अंडं घालून ठेवलं, काहीही होऊ शकतं.

दुसरं कारण जरा आपमतलबी आहे. जुन्या चाळीत पागडीच्या खोलीत म्हातारीची सेवा करत राहणारी पुतणी असते ना, तिचं प्रेम खोटं नसतं पण खोली कोणाच्या नावावर होणार हेही तिच्या डोक्यात असतं. थांबलेली माशी उद्या राणी होऊ शकते. युरोपातल्या पॉलिस्टिस डॉमिन्युला या माशीत एकत्र घर टाकणाऱ्या माद्यांपैकी जवळपास 35 टक्के एकमेकींच्या कोणीच लागत नव्हत्या असं 2000 मध्ये डेव्हिड क्वेलर वगैरेंना आढळलं, तेव्हा नात्यावर सगळं तोलणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली. पुढे 2011 मध्ये एलुईज लेडबीटर आणि फील्ड यांच्या अभ्यासात दिसलं की अशा दुय्यम माद्यांना वारशाने पोळं मिळून स्वतःची पोरं होतात, आणि त्या हिशेबात थांबणं एकटीने घर टाकण्यापेक्षा फायद्याचं पडतं.

पण सगळ्यांनाच हा चान्स असतो असंही नाही. गदगकरांच्या गटाने ताज्या बाहेर पडलेल्या मार्जिनाटा माद्या एकेकट्या ठेवून पोटभर खायला घातलं, कोणाची दादागिरी नाही, काही नाही, तरी साधारण निम्म्यांनीच पोळं करून अंडी घातली. उरलेल्या अंडी न घालताच मेल्या. म्हणजे अळी असतानाच कुठेतरी डाव मांडला जातो आणि त्यात खाण्याचा मोठा वाटा आहे. जिला लहानपणी कमी मिळालं तिच्यासाठी सोडून जाण्यात तसाही फायदा नव्हता, तिचं नुकसान आधीच कमी होतं, सूत्रातली तिसरी गोष्ट इथे येते. पोळ्यातल्या सगळ्या कामकरी एकाच कारणाने थांबल्यात असं समजू नका, एक विम्यासाठी, एक गादीसाठी, एकीला दुसरा पर्यायच नाही, आणि बाहेरून तिघी सारख्याच दिसतात.

नात्याला मी एवढं झोडपलं म्हणून ते निरुपयोगी आहे असंही नाही हां. 2008 मध्ये ह्यूज आणि इतरांनी मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्यांच्या वंशवृक्षावर मागे जाऊन दाखवलं की ज्या ज्या ठिकाणी समाज सुरू झाला तिथे तिथे मूळ मादी एकाच नराशी जुळणारी होती. तेव्हा आईचं पोर आणि आपलं पोर सारख्याच नात्याचं, मग विम्याचा थोडासा फायदाही पारडं झुकवायला पुरतो. मार्जिनाटासारखा गोंधळ नंतरचा.

आता तुमची राणी. आकाराने ओळखायचा प्रयत्न करू नका, हॉर्नेटमध्ये राणी मोठी असते, इथे सगळ्या सारख्या. आणि सगळ्यात भांडखोर ती राणी हे पण नाही. मार्जिनाटाची राणी अगदी गरीब असते, बसून राहते, कोणाला मारत नाही, बाहेर फारशी जात नाही. तिचीच चुलत जात रोपालिडिया सायाथिफॉर्मिस, तिच्यात मात्र राणीच गुंड. 1983 मध्ये गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांनी मार्जिनाटाच्या माश्या त्यांचा वेळ कशात जातो यावरून तीन गटांत टाकल्या, बसणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या, आणि राणी बसणाऱ्यांत निघाली. मग ही बसून राज्य कसं करते? वासाने. पोटातल्या द्युफूर ग्रंथीतला स्राव ती पोळ्यावर पोट घासून लावत फिरते, तो हवेतून पसरत नाही, चालताना माश्यांना लागतो, आणि त्यावरून त्यांना कळतं की राणी जागेवर आहे.

राणी मेली की मात्र बघण्यासारखं असतं. अर्ध्या तासाच्या आत एक कामकरी, कालपर्यंत इतरांसारखीच असलेली, एकदम पिसाळते, सगळ्यांना चावते, दाबते, पाठलाग करते. बाकीच्या ऐकून घेतात. आठवडाभरात तिचं अंडाशय वाढतं, अंडी सुरू होतात आणि मग ती हळूहळू शांत होऊन आधीच्या राणीसारखीच गरीब होते. ही कोण असणार हे आधी आपल्याला ओळखता येत नाही, पण माश्यांना माहीत असतं. पोळं मधोमध कापून जाळी लावून राणीला इकडे-तिकडे करण्याचे जे प्रयोग अनिंदिता भद्रा आणि गदगकर यांनी केले त्यातून हे निघालं, आणि 2012 मध्ये तर दिसलं की उत्तराधिकारी काढली तर दुसरी, ती काढली तर तिसरी, अशी पाच जणींपर्यंतची रांग भांडणाशिवाय पुढे सरकते. रांग साधारण वयाने लागते पण काटेकोर नाही, कधी तरुण पुढे जाते.

नर राहिलेच. ते काहीच करत नाहीत असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आठवडाभर पोळ्यावर बसून खातात आणि निघून जातात, डंख नसतो त्यांना (डंख म्हणजे बदललेली अंडी घालायची नळी, ती नराकडे येणार कुठून). पण 2006 मध्ये रुचिरा सेन आणि गदगकर यांनी नरांना हाताने भरपूर खायला घातलं आणि त्यांच्यासमोर फक्त भुकेल्या अळ्या ठेवल्या, माद्या काढून घेतल्या, तर नरांनी अळ्यांना भरवलं. जमेल तसं, माद्यांइतकं नाही, पण भरवलं. म्हणजे येतं त्यांना, वेळ येत नाही.

मुलाला सांगा काचेच्या आडून मोबाइलवर झूम करून सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला शूट कर, पोळ्याला हात लावायचा नाही, ग्रिल हलवायचं नाही. जी रोज बाहेर जाते, चघळलेला गोळा घेऊन येते आणि दुसऱ्या दोघी-तिघींत वाटते ती राणी नाही. जी दिवसभर पोळ्यावरच आहे, कोणाच्या वाटेला जात नाही आणि रिकाम्या खोलीत पोट घालून काही वेळ स्थिर राहते ती राणी, अंडं घालताना दिसली तरच पक्कं समजायचं. त्या बाल्कनीत कपडे वाळत घालत नसाल, लहान मूल जात नसेल तर पोळं राहू द्या, झाडांवरच्या अळ्या या खातात. पण घरात कोणाला आधी डंखाने अंगभर गांधी उठल्या असतील किंवा श्वास लागला असेल तर अभ्यासबिभ्यास विसरा आणि माणूस बोलावून पोळं काढून घ्या, आणि ते अंधार पडल्यावर, कारण तेव्हा बाहेर गेलेल्या सगळ्या परत आलेल्या असतात. रॉकेलचा बोळा पेटवायचा उद्योग सोसायटीत कोणी सुचवेल, तो तेवढा करू देऊ नका.